शेवटची खोबण

केबलचे तीन तंतू तुटले की विब्रेन येतो.
होलवर्डहून हार्लिंगनपर्यंत,
उजवीकडे समुद्राचा बांध, डावीकडे ओलं गवत,
मधे हा, सत्तरीला टेकलेला,
लांबलचक सायकलवर बसून
वल्हवत.
नावेत पाठ पुढे जाते, यावर तोंड.
फरक तेवढाच, म्हणतो. घाम तोच.

फिरवायला पेडल नाहीत. साखळी नाही.
पाय रेटतात, पाठ मागे पडते,
मग हात हँडल छातीशी आणतात
आणि एक बारीक पोलादी दोर
मागच्या चाकापाशी बसवलेल्या शंखावरून उलगडतो.

शंख मी म्हणते. तो गोगलगाय म्हणतो.
शेजारची मारेइके, वय नऊ, भोवरा म्हणाली,
आणि तिचंच बरोबर होतं.
एकीकडे रुंद, एकीकडे निमुळता,
अंगावर चढत गेलेली वळणं, वळणांत जाळी.
फक्त हा भोवरा जाळी टाकून पळत नाही.
ओढली की फिरतो, चाकाला फिरवतो.
सैल सोडली की आतलं रबर तिला परत बोलावतं,
टिकटिकटिक,
चाक मात्र पुढेच धावत असतं,
त्याला कळतही नाही की धनी श्वास घेतोय.

गिअर कुठाय, विचारतात लोक.
दातेरी चकत्या शोधतात, वाकून वाकून.
दोर कुठल्या वळणावर बसलाय, तो गिअर. बस्स.
रुंद वळणावर हातभर ओढा,
चाक थोडंच फिरतं, पण हलकं. वारा तोंडावर आला की हे.
निमुळत्यावर तेवढ्याच ओढीत चाक कितीतरी फिरतं,
किती, ते मांड्या सांगतात.
आमच्याकडे डोंगर नाहीत.
वाराच आमचा चढ, वाराच उतार.

एक गोष्ट मात्र नवशिक्यांना पटत नाही:
लिव्हर दाबला तरी काही होत नाही.
ताणात असताना दोर कुणाचं ऐकत नाही.
ओढून झालं, हात परत निघाले, दोर ढिला पडला,
त्या अर्ध्या क्षणात सरकायचं तर सरकतो,
एक खोबण.
कट्.

आज जुना दोर काढला. शंख उतरवला,
रॉकेलमध्ये बुडवण्याआधी खिडकीशी नेला.
रुंद खोबणी आरशासारख्या, कडा झिजून गोल.
मधल्या दोन, बऱ्यापैकी.
आणि शेवटची, सगळ्यात निमुळती,
तिच्यात सात वर्षांपूर्वी मीच भरलेलं ग्रीस,
अजून पिवळं,
माझ्या बोटाच्या ठशासकट.

"विब्रेन, येताना नैऋत्येचा वारा अंगावर, कबूल.
पण जाताना पाठीशी असतो ना?"
"असतो."
"मग?"
तो कॉफी ढवळत राहिला. साखर घेत नाही तो.
तीस वर्षं कालव्यावरचा पूल उचलला यानं.
बोटींना घाई असते, एवढं त्याला ठाऊक आहे.
"येतो तेव्हा कुठंतरी पोचतो," म्हणाला.
"जातो तेव्हा नुसता घरी."

यावर मी काय बोलणार.
शंख धुतला नाही, नुसता पुसला. शेवटची खोबण सोडून.
नवा दोर ओवला, टोक हुकात अडकवलं,
आणि तपासायच्या निमित्तानं
स्वतःच चढले.
रोप्ताझाइलच्या दिशेनं, वारा पाठीशी.
लिव्हर दाबला. काही नाही.
पुन्हा दाबला. हात परत निघाले.
कट्.

मेंढ्यांनी माना वळवल्या तेव्हा
मी त्यांच्या पुढे गेले होते.

परत यायला बराच वेळ लागला,
रुंद खोबणीत, मान खाली घालून, तोंडात खारट हवा.
विब्रेन दारात उभा होता, टोपी घालून तयार.
कशी चालली, विचारलं नाही.
माझ्या बाहीवर उडालेला पिवळा थेंब
बघत राहिला.